पत्रकातली जास्तीची ओळ

पोलादपूर,
१४ जानेवारी २००१

प्रिय नाथूदादा,

होडी उलटली, तू कातळ धरून कसाबसा वाचलास आणि वहिनीला घेऊन लेकाकडे, स्वराजकडे ठाण्याला गेलास. तेव्हापासून तू नदीचं नावही काढत नाहीस. याला कारण मी आहे.

निवडणुकीत उमेदवाराचं पत्रक मी लिहिलं, हे तुला ठाऊक आहे. ‘हौसेने गळ टाकणाऱ्यांनाही होडीवर तरंगती जाकिटं देऊ’ ही ओळ मात्र त्यांनी सांगितलीच नव्हती. रस्ता, पाणी, दिवे लिहून झाले आणि रविवारी सावित्री नदीच्या डोहावर गळ टाकायला एकटाच जाणारा तू आठवलास. मी ओळ घातली. त्यांनी न वाचताच पत्रक छापायला दिलं.

ते वाचून तू, बुडू नये म्हणून कमरेला बांधायचास तो सुका भोपळा वहिनीपुढे ठेवलास.

"फोड गो ह्यो, बियाणं काढ. आता जाकीट येनार हाय."

"येऊ दे की आधी."

"विनूनं लिवलंय. त्यो खोटं लिवील काय?"

मी तिथेच चहा पीत होतो. तुझा आनंद मोडवेना म्हणून गप्प राहिलो, असं डायरीत लिहिलं आहे. ते पुरतं खरं नाही. मला तुझा विश्वास आवडला होता. जाकीट कधी आलंच नाही, आणि तू भोपळ्याशिवायच होडीत बसलास.

वहिनीने जाताना दिलेल्या बिया मी पावसाळ्यात लावल्या. एक भोपळा वेलावरच वाळू दिला. आज हलवला, तर आत बिया वाजल्या.

हे पत्र टाकायचं धैर्य नाही. मीच तुला न्यायला येतो. डोहावर तुझ्या कमरेला भोपळा बांधताना सगळं सांगेन.

तुझा,
विनू