बटणाच्या डायचा भाव

आई,

पाळणा मी केला. पाऊण इंची पाइपचा, चारही पाय घासून एका उंचीला आणलेले, फरशीवर ठेवल्यावर कुठल्याच पायाखाली कागदाची घडी सारावी लागत नव्हती. दुधाच्या पातेल्यावरचं जाळीचं झाकण मी केलं. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याचा बंब मी केला, कारखान्यातल्या भंगाराच्या पत्र्याचा, आणि ते भंगार पैसे मोजून घेतलेलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण तू तेव्हाही विचारलं होतंस. खिडकीची डासांची जाळी, तुझ्या सुनेला वाकावं लागू नये म्हणून उंच पाट, लंगोट वाळत घालायची तार, तिचे दोन्ही हुक, सगळं या हातांनी केलं. आयटीआयचं तोंड मी पाहिलेलं नाही. लेथ शिकलो तो दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून. पण माझ्या कामात अर्ध्या सुताची चूक दाखवणारा माणूस मला अंबरनाथच्या अख्ख्या एमआयडीसीत भेटायचा आहे.

पाळणा बघून तू आनंदली नाहीस. "मूल यायच्या आधी पाळणा करत नसतात," एवढंच म्हणालीस आणि त्याच्यावर जुनी चादर टाकलीस, कुणाला दिसू नये म्हणून. मी म्हणालो, "विहारात पुढच्या रांगेत बसतेस आणि घरी येऊन हे बोलतेस?" तू म्हणालीस, "विहारात बसते म्हणून काय लोकांच्या नजरा गेल्या का?" तुझ्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आपण कुळगावात भाड्याच्या दीड खोलीत होतो. तुझ्या सुनेला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, पण तिचं माहेर म्हणजे भावाची एक खोली आणि त्या भावाच्या बायकोचं तोंड, म्हणून आपल्याकडेच ठरलं. मी तुपाचे पाच रिकामे डबे घासून ओळीने लावले होते. भाडं, किराणा, रॉकेल, माझा रेल्वेचा पास आणि पाचवा बाळंतपणाचा. पगार झाला की पैसे आधी डब्यांत, मग खिशात. पाचव्या डब्याचं झाकण मी कथलाने झाळून बंद केलं आणि वर फक्त नोट जाईल एवढी फट ठेवली. तू ती फट बोटाने चाचपून बघितलीस.

"घरात माणसं तीन," तू म्हणालीस. "तू झाळणारा. मग चोर कोण? मी का ही?"

"चोर कुणी नाही. पैसा बाहेर दिसला की खर्च होतो."

तुझी सून कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाळालाही झाळून ठेवा हो, नाहीतर कुणी खर्च करेल."

तुम्ही दोघी हसलात. मी नाही. मला खरंच संशय होता आणि तो तुझ्यावर होता. आज स्पष्ट लिहितो. त्या वर्षी तू काडेपेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालीस. वीस-बावीस वर्षं काड्या भरून बोटांची टोकं पिवळी झालेली, ती तशीच राहिली. तुझा फंड मिळाला, हे मला कारखान्यातल्या दुसऱ्या बाईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. किती मिळाला हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं. पण रोज जेवताना मी तुझ्याकडे बघायचो आणि मनात हिशेब करायचो, की पैसे शहाडला गेले, धाकट्या भावाकडे. धाकटा तेव्हा रिक्षाच्या गप्पा मारायचा. भाड्याची चालवण्यात काही नाही, स्वतःची पाहिजे, असं दर रविवारी येऊन तुझ्या हातचं जेवून सांगायचा. तू त्याला दुसऱ्यांदा भात वाढायचीस, तेव्हा मी तुझा हात बघत असायचो.

संशय घ्यायला मला शिकवलंस तूच. वाण्याकडून आलेला प्रत्येक पुडा तू घरच्या मापट्याने परत मोजायचीस. दुधात बोट बुडवून ते नखावर धरायचीस. रॉकेलवाल्याचं माप भरताना त्याच्या अंगठ्याकडे बघायचीस, कारण तो अंगठा मापाच्या आत असायचा. लहानपणी एकदा मी दोन पैसे कमी आणले, तर तू मला मारलं नाहीस, परत पाठवलंस, भर दुपारी. म्हणालीस, "जा, आणि त्याच्या तोंडाकडे बघून माग. खाली बघून मागितलेस तर तो देणार नाही." मी तसाच मोठा झालो. मग अशा घरात दोघं माणसं एकमेकांना काय ओळखणार? एके दिवशी तू डिंक आणि खारका आणल्यास, लाडवांसाठी. मी भाव विचारला. तू सांगितलास. मी मनात म्हणालो, हे पैसे कुठल्या डब्यातले? तू म्हणालीस, "तुझ्या डब्यातले नाहीत, डोळे नको फाडू." तुझी सून भिंतीला पाठ टेकून बसली होती. "तुम्ही मायलेक एकमेकांना पावत्या का देत नाही?" ती म्हणाली. "माझ्या पोटातलं ऐकतंय सगळं. बाहेर यायच्या आधी भाव विचारेल."

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळ उलटं आहे, पाय खाली आणि डोकं वर. फिरलं नाही तर ऑपरेशन करावं लागेल. उल्हासनगरला त्यांच्या ओळखीचं नर्सिंग होम होतं, तिथे सगळं मिळून अडीच हजार. मला पहिली शंका आली ती त्या 'ओळखीचं' या शब्दाची. कमिशन असणार. मी विचारलं, "फिरलं नाही हे कशावरून?" बाईंनी माझा हात धरून तुझ्या सुनेच्या पोटावर ठेवला, वरच्या बाजूला. "हे डोकं," त्या म्हणाल्या. हाताखाली नारळासारखं गोल काहीतरी होतं. मी आयुष्यभर हाताने माप घेत आलो, त्या दिवशीही घेतलं. बाई खोटं बोलत नव्हत्या.

घरी आल्यावर तू म्हणालीस, "पायाळू होणार." पाचवा डबा मी उलटा करून हलवला. त्यात काय होतं ते मला माहीत होतं, सहाशेच्या आसपास. तू तुझ्या जागेवर बसून जीन्सचे धागे कापत होतीस. फंड मिळाल्यापासून तू उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून जीन्सचे गठ्ठे आणायचीस, शिवून झालेल्या पँटचे लोंबते धागे कापायला, नगावर पैसे. त्या संध्याकाळी तुझी कात्री एकदाही थांबली नाही. अडीच हजार हा आकडा तू ऐकला होतास, तुझ्यापाशी फंड होता, आणि तू पँटचे धागे कापत होतीस. मी जेवलो नाही. तू विचारलंही नाहीस.

आता त्या शेठबद्दल. तुझ्यामुळेच तो माझ्या ओळखीचा झाला. पितळी बटणं ठोकायच्या पायाच्या प्रेसवर त्याचं दहातलं एक बटण वाकडं बसायचं, कापड फाटायचं. मी त्याला एक डाय, म्हणजे बटण बसवायचा साचा, करून दिला. कापड एका खाचेत अडकतं, बटण दुसऱ्या खाचेत, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. आठवडाभर रोज सुटी झाल्यावर तासभर बसून केला, लोखंडासकट चारशे रुपये सांगितले. चारशे हा बरोबर भाव होता. मी कमी सांगत नाही आणि जास्तही सांगत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन चार-पाच दिवस झाले असतील. शेठने निरोप पाठवला, पैसे घेऊन जा. मी त्याच्या दुकानात गेलो. सगळीकडे निळ्या कापडाची धूळ, त्याच्या भुवयांवरसुद्धा. त्याने गल्ल्यातून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. मी लांबूनच पाहिलं, चारशे नव्हते.

"शेठ, ये ज्यादा है."

"तो रख ना साईं. डाय अच्छा है."

"मेरा भाव चारसौ."

"तेरा भाव तू जाने, मेरा भाव मैं जाने. चीज अच्छी तो दाम अच्छा." तो हसला, पण माझ्याकडे न बघता. मापाच्या अंगठ्यासारखी ती नजर मला दिसली.

मी नोटा मोजल्या. आकडा गोल नव्हता. व्यापारी बक्षीस देतो तेव्हा आकडा गोल करतो, हा विचित्र आकडा आला कुठून? मला वाटलं, याला डायची नक्कल करून बाजारात विकायची असेल, उद्या म्हणेल सगळे हक्क माझे. किंवा हे उसने समजून पुढे महिनोन्‌महिने फुकट राबवेल. किंवा कुणाचा तरी काळा पैसा माझ्या हाताने फिरवतोय. मी सगळे पैसे परत सरकवले आणि म्हणालो, "चारसौ दे दो."

"अरे बाबा, घर में बच्चा आनेवाला है ना?"

त्याला हे कसं माहीत, असं मला वाटायला हवं होतं. मला वाटलं, माझी गरज बघून हा मला बांधतोय. माझा आवाज चढला. "मग चारशेसुद्धा नको," मी म्हणालो, "डाय फुकट घे, पण मला विकत घेऊ नको." दुकानातले कारागीर मशीन थांबवून बघायला लागले. मी बाहेर पडलो.

घरी येऊन तुला सांगितलं. तुझं ऐकून घेणं मला अजून आठवतं. तू विचारलंस, "त्याचे पैसे जास्त झालेत तर तुझं काय जातं?"

"जास्त कुणी फुकट देत नाही. तूच शिकवलंस."

तू कात्री खाली ठेवलीस. "होय," म्हणालीस. "मीच शिकवलं." आणि तोंड धुवायला मोरीत गेलीस. बराच वेळ पाणी वाजत होतं.

कारखान्यातून मी उचल घेतली आणि ती फेडायला सहा महिने डबल शिफ्ट केली, रविवारसकट. ऑपरेशन झालं, तुझी नात झाली. मी घरी यायचो तेव्हा ती झोपलेली, निघायचो तेव्हाही झोपलेली. ती पाच महिन्यांची असताना एका सुटीला मी तिला उचललं तर घाबरून रडली. तू तिला माझ्याकडून घेतलंस आणि म्हणालीस, "अगं, बाप आहे तो. चोर नाही." त्याच दिवाळीत धाकट्याची रिक्षा आली, नवी, हार घातलेली. पहिला हप्ता कुठून आणलास विचारलं तर म्हणाला, "आईने दिले. अडीच हजार." त्याने ते लपवलं नाही, त्याला लपवता येत नाही. मी तुझ्याकडे बघितलं. तू नातीचं नाक पुसत होतीस. माझा संशय खरा ठरला होता. त्यानंतर तू गेलीस तोवर, तीनेक वर्षं, मी तुझ्याशी कामापुरतं बोललो. आवाज चढवून कधी नाही, पण कामापुरतंच. तुला ते कळत होतं. तूही खुलासा केला नाहीस. तुझ्या स्वभावात खुलासा नव्हताच.

तू गेलीस त्याला आठ वर्षं झाली. नात आता सहावीत आहे. चालते तुझ्यासारखी, भाव विचारते माझ्यासारखा. मागच्या महिन्यात शेठने दुकान आवरायला काढलं आणि निरोप पाठवला, डाय घेऊन जा, अकरा वर्षांत एक बटण वाकडं बसलेलं नाही. मी गेलो. त्याने चहा मागवला. मग सहज, जसं काही मला माहीतच आहे असं समजून, म्हणाला, "तेरी माँ बहुत रोयी थी उस दिन, साईं. मैंने बोला, माई, तेरा बेटा नहीं लेता तो मैं क्या करूँ? पैसे वापस ले जा." मी कपाला हात लावला नाही. म्हणजे पैसे धाकट्याला गेले हा माझा संशय खरा होता, फक्त क्रम उलटा होता. ते आधी माझ्याकडे आले होते. मी तुझ्या हातून घेणार नाही हे तू ओळखलंस, म्हणून शेठच्या हातून पाठवलेस. आणि माझ्या कामाचा बरोबर भाव मला माहीत होता, म्हणून ते जास्तीचे आहेत हे ओळखून मी परत केले. धाकट्याला कशाचाच भाव माहीत नाही, त्याने घेतले.

हे लिहून झालं की पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तू ओळीओळीवर बोट ठेवून विचारलं असतंस, हे खरं का, ते खरं का. एकच गोष्ट तू विचारायच्या आत सांगतो. शेठने हे सांगितलं तेव्हा मला आधी वाईट वाटलं ते तुझ्यासाठी नाही. त्या दिवशी दुकानातून स्टेशनापर्यंत रागाने चालताना मी आतून खूश होतो. माझ्या हातच्या कामाला एका माणसाने एवढा भाव लावला, असं मला वाटलं होतं. संशय तर होताच, पण त्याच्या तळाशी ही खुशी होती, आणि ती मी अकरा वर्षं जपली, तुझ्या सुनेलाही न सांगता. ती खुशी गेली, त्याचं आधी वाईट वाटलं. तुझं त्यानंतर, घरी आल्यावर, आकडा कागदावर मांडून बघितला तेव्हा. इतकी वर्षं मी तो कधी मांडला नव्हता. काउंटरवर दोन हजार नऊशे रुपये होते. चारशे माझ्या डायचे आणि अडीच हजार तुझे. मी नको म्हणालो.