चार बाय अडीच फुटांची आगगाडी : माझ्यामागची व्यवस्था

आधी हिशेब देतो, कारण म्हाताऱ्यानं खेळण्यावर उधळलं असं कुणीतरी म्हणणारच. चार फूट बाय अडीच फुटांच्या फळीवरच्या आगगाडीला खरोखर लागलं ते असं : घरातली सर्वांत लहान खोली, अकरा हिवाळे, सुमेधाच्या शिलाई मशीनची जागा (ते तेव्हापासून जिन्याच्या वळणावर उभं आहे आणि येताजाता माझ्या गुडघ्याला लागतं), नागपूरच्या दोन रद्द केलेल्या फेऱ्या आणि डाव्या अंगठ्याचं नख. नख परत आलं. बाकीचं नाही.

मी, मोहन दत्तात्रय खांडवे, वय चौसष्ट, राहणार कासलबार, काउंटी मेयो, आयर्लंड, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. पत्नीचं मत वेगळं आहे, पण तिनं ते लेखी दिलेलं नाही. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं, गेल्या जानेवारीतलं धरून, रद्द समजावीत. हे मराठीत आहे म्हणून सॉलिसिटरबाई कुरकुरल्या. भाषांतर त्यांनी करून घ्यावं.

कलम १. घर सुमेधाला. बँकेत जे निघेल त्यातलं अर्धं तिला, अर्धं मुलाला, अभिजितला. हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करायची माझी कंपनी मी दोन वर्षांपूर्वी विकली, तेव्हा त्यावरून भांडू नये. घड्याळजीचा मुलगा एका बॅगेवर या देशात आला, पंपाला नुसता कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगू लागला, आणि त्या कानांवर हे घर उभं राहिलं. कान अजून शाबूत आहेत. घरच्यांनी हे ध्यानात ठेवलं असतं तर पुढची कलमं एवढी लांबली नसती.

कलम २. माझ्या वडिलांचे चिमटे, भिंग आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरांचा डबा अभिजितला. यांचं काय करतात ते त्यानं एकदा विचारलं होतं, आणि मी सांगत असताना फोन घेतला होता. ते अजून सांगायचं राहिलं आहे.

कलम ३. आगगाडी. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली, पत्र्याची, तीन रुळांची. मधल्या रुळातून इंजिनाला वीज मिळते. एक काळं इंजिन, चार डबे, एक स्टेशन, एक बोगदा, आणि मालडबा उभा करायला एक बाजूची लाइन. पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या वायरीपर्यंत हे सगळं मी एकट्यानं उभं केलं, याची नोंद असावी. आठवड्यातून एकदा पाव तास चालवली नाही तर जुनी मोटर आखडते. ती अखंड राहावी आणि चालती राहावी, एवढीच माझी इच्छा आहे, आणि तेवढ्यासाठी मला वर्षभर डोकं फोडून घ्यावं लागलं.

सुमेधाला विचारलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही गेलात की बाराव्या दिवशी ती खोली मी शिवणाला घेणार. तेराव्याला पाहुणे असतील, वेळ होणार नाही."

अभिजितला विचारावंच लागलं नाही. ईस्टरला तो लिमरिकहून आला होता आणि जिन्यात उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "इट्स वर्थ मोअर इन बिट्स, लाइक. डॅड वोन्ट नो." डॅड खाली भांडी विसळत होता, नळ चालू होता, तरी डॅडला कळलं. बाबा रे, एक एक रूळ वेगळा विकलास तर तुझ्या हाती जास्त येईल हे मलाही कळतं. धंदा मीही केला आहे. म्हणून तुला पैसे दिले आहेत आणि गाडी देत नाही.

राहिला शैलेंद्र, सुमेधाचा धाकटा भाऊ, डब्लिनला ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला मी अवजारांबरोबर इंजिनाचीही पूजा मांडली होती. मशीनचं तेल संपलं होतं. हा उठला, बाथरूममधून खोबरेल आणलं आणि इंजिनात सोडलं. तेव्हा गाडी झकास पळाली. डिसेंबरात सुमेधानं त्या खोलीचा हीटर बंद केला, तेल थिजलं, आणि मोटर जागच्या जागी गुणगुणून जळाली. तिची तार मला पुन्हा गुंडाळावी लागली. नागपूरच्या थंडीत ज्याच्या आईनं तेलाची बाटली रोज उन्हात ठेवली, त्याला खोबरेल थिजतं हे सांगावं लागतं? मी विचारलं तर म्हणतो, "भाऊजी, चांगलं शुद्ध होतं हो."

म्हणून जानेवारीत मी एक युक्ती केली. इथल्या कायद्यानं मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळत नाही. मी शैलेंद्रलाच साक्षीदार केलं. त्यानं मोठ्या अभिमानानं सही केली. नंतर मला तीन महिने हसू येत होतं, आणि मग ईस्टर आला, आणि अभिजितचा तो फोन.

गेल्या महिन्यात त्याला फोन करून सरळ विचारलं, "माझ्यामागं त्या गाडीचं तू काय करशील?"

"चालवीन."

"आणि?"

"आणि काय? रविवारी चालवीन."

"तुझ्या फ्लॅटमध्ये फळी मावेल कुठं?"

"जेवणाचं टेबल काढून टाकतो. तसाही एकटाच आहे, ओट्याशी उभ्यानं जेवतो."

आता या माणसाचं काय करायचं? आख्ख्या खानदानात गाडी आख्खी हवी असलेला एकच निघाला, आणि तो हा. मी दोन आठवडे दुसरं नाव शोधलं. नाही सापडलं.

सबब, फळीसकट संपूर्ण आगगाडी, ट्रान्सफॉर्मर आणि सोल्डरिंगच्या सामानासह, शैलेंद्रला. अट एकच : त्यात खोबरेल घालू नये. फळी अभिजितनं त्याच्या गाडीतून ब्युमॉन्टला पोचवावी. मागची सीट पाडली की ती बसते. तो झोपला होता तेव्हा मी मोजून आलो आहे.

कलम ४. अंमलबजावणी सुमेधानं करावी. शिलाई मशीन खोलीत न्यावं. बाराव्याच्या आधी नेलं तरी माझी हरकत नाही.

मोहन दत्तात्रय खांडवे (सही)

मोहन यांनी आम्हां दोघांसमोर, त्यांच्या स्वयंपाकघरात, वरील सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर आमच्या केल्या. यातून आम्हांला चहाखेरीज काहीही मिळालेलं नाही व मिळणार नाही.

साक्षीदार :
१. मार्टिन मोरन, शेजारी (सही)
२. सरिता वानखेडे, स्टाफ नर्स (सही)

कासलबार, १५ नोव्हेंबर २०२५

सोबत : आगगाडीच्या संपूर्ण वायरिंगचा मूळ आराखडा, एक पान. अक्षर शैलेंद्रचं.