दुधाचा रकाना

२४ नोव्हेंबर १९९७, जाफराबाद
शनिवारी जालन्याला पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. माधवचं दुखणं सहा वर्षांचं. पोट फुगतं, मुरडतं, शाळेत दुसऱ्या तासाला खडू टाकून पळावं लागतं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं. कॅप्सूल दिल्या, वर ईसबगोल. आणि वही. दोन महिने तोंडात गेलेलं सगळं लिहायचं, शेजारी दुखण्याचा आकडा, शून्य ते तीन.
"तोंडी नको. तोंडी माणूस आठवेल तेवढंच सांगतो. लिहून आणा."
वहीतून कळलं नाही तर दुर्बीण घालून बघायचं. तो शब्द ऐकून माधव पांढरा पडला. त्याचे वडील दवाखान्यात गेले ते परत आले नव्हते.
वही कोण लिहिणार?
"ही एम. ए. आहे," माधव डॉक्टरांना म्हणाला. "मराठीत."
कन्याशाळेत दिवसाला चाळीस निबंध तपासते. त्यात हा एक.
शंभर पानी वही. पुढून त्याचं पोट, मागून मी. तोंडानं त्याचं नाव घेत नाही. इथं घेते.

२६ नोव्हेंबर
रकाने आखले. वेळ, पदार्थ, दूध, औषध, आकडा. दुधाला वेगळा रकाना, कारण दूध आमच्याकडे पदार्थ नाही.
राजूरकडून येणाऱ्या गाडीनं साडेसातला किटली येते. कंडक्टर ओळखीचा. माझा धाकटा भाऊ विठ्ठल गावाहून पाठवतो. पाच वर्षांपूर्वी तहसिलीत मी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही केली. बाहेर चहा घेताना विठ्ठल म्हणाला, "अक्का, जमीन मला दिली. आंदणाची म्हैस तुझीच. मी हाये तवर तुझं दूध बंद व्हायचं न्हाई."
बंद झालं नाही. आता त्या म्हशीची नात दूध देते.
माधव सकाळी नऊला पेलाभर पितो. मी समोर उभी असते. पेला रिकामा झाला की मी माझ्या शाळेला.
आज आकडा २.

२९ नोव्हेंबर
नवा रकाना आखावा लागला. ताक.
वत्सलाबाई माधवच्या शाळेत विज्ञान शिकवतात. समोरच्या गल्लीत राहतात, एकट्याच. नवरा परभणीला नोकरीला. त्या मधल्या सुट्टीत माधवला बाटलीभर ताक देतात. भाजलेलं जिरं, सैंधव. तीन आठवडे चालू आहे. मला आज कळलं, तेही वहीमुळे. मी विचारलं, दिवसभरात आणखी काय? तेव्हा.
"सांगितलं नाही?"
"त्यात सांगण्यासारखं काय हाये? ताक."
वहीत लिहिलं. १ वा. २० मि. ताक, व. कडचं.

३ डिसेंबर
बाटली धुवायला माझ्याकडे आली. हुंगली. तळाशी घोटभर होतं.
चांगलं आहे.

५ डिसेंबर
घरी ताक केलं. जिरं भाजलं, सैंधव आणलं. माधव एक घोट प्यायला.
"जड आहे जरा."
"म्हशीचं आहे."
"तेच."
उरलेलं मी प्यायले.
पोटाचं म्हणजे आत काय काय होतं ते तो मला सांगत नाही. दुखतंय, एवढंच. परवा बाजारात व. भेटल्या. म्हणाल्या, "ताई, सरांना डाव्या बाजूला खाली कळ येते ना, ती जेवणानं नाही हो." डावी बाजू मला माहीत नव्हती. मी मान डोलावली, माहीत असल्यासारखी. दोन कोथिंबिरीच्या जुड्या घेतल्या. एक पुरली असती.
आकडा २.

१० डिसेंबर
विठ्ठल अंबडला लग्नाला गेलेला. तीन दिवस किटली नाही. चहापुरतं दूध दुकानातून.
आकडे ०, ०, ०.
माधव गुणगुणत दाढी करत होता. मी विचारलं, गाणं कसलं? म्हणाला, कसलं गाणं?

११ डिसेंबर
किटली आली. आकडा २.
जेवताना, भाताकडे बघत, "वत्सलाबाई म्हणत होत्या, महिनाभर दूध सोडून बघा."
"वत्सलाबाईंकडे म्हैस नाही."
"त्याचा काय संबंध?"
मी वाढत राहिले.

१२ डिसेंबर
चौकातल्या औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा आणला. ताकदीची. वर डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकदम बराबर चीज हाये. दुधातून दोन चमचे, दोन टाइम." दूध आता दोनदा.
हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. मला काहीतरी द्यायचं होतं, जे बाटलीत बसत नाही.

१७ डिसेंबर
चतुर्थी. माधवचा उपास. साबुदाणा मी नको म्हटलं, पोटाला जड. त्यामुळे दिवसभर दूध. पावडर घालून. उपासाला पावडर चालते का, हा वाद पाच मिनिटं.
साडेबाराला त्याला जीपमधून घरी आणलं. मला माझ्या शाळेत निरोप आला, धावत आले. वर्गात घाम फुटून खाली बसला. सोबत व. होत्या. त्यांनी चुलीवर, म्हणजे माझ्या गॅसवर, पाणी गरम केलं, ओवा टाकला. कपाट न विचारता उघडलं आणि ओवा बरोबर सापडला.
त्या कॉटच्या पायथ्याशी बसल्या. "सर, घोट घोट घ्या." तो घेत होता. मी पावडरचा डबा फडक्याखाली ढकलला.
त्या जाताना दारात थांबल्या. "ताई, तुम्ही बसा आता. तुम्हीपण जेवला नसाल."
आकडा ३. तो त्यानंच सांगितला. डोळे मिटून, बोटं वर करून.

२१ डिसेंबर
रविवार. माधव शेजारी मॅच बघायला गेला होता. वही पहिल्या पानापासून वाचली, निबंध वाचावा तशी.
दूध, २. दूध, १. दूध, २. दूध नाही, ०. दूध नाही, ०. दूध नाही, ०. दूध, २. दूध दोनदा, ३. तीनदा, ३.
मुलींच्या निबंधात एवढा सरळ मुद्दा कधी सापडत नाही. अक्षर माझंच आहे.
वही मिटली. पोळ्यांची कणीक मळली. जास्त मळली.

२३ डिसेंबर
ही वही डॉक्टरांना देता येणार नाही. मागे हे आहे. माधवच बाजूला बसलेला असणार. म्हणून दुसरी वही आणली, स्वच्छ प्रत काढायला. हेतू एवढाच होता.
रकाने आखताना दुधाचा आखला नाही.
ठरवलं नव्हतं. पट्टी सरकली आणि पुढच्या रकान्यावर गेली, असं लिहिता येईल. तसं नाही. मी पट्टी उचलली आणि पुढे ठेवली.

२४ डिसेंबर
प्रत पूर्ण, आजपर्यंतची. सुवाच्य. १७ तारखेसमोर लिहिलं आहे: ताक, बाटलीभर. आकडा ३.
त्या दिवशी तो ताक प्यायला नव्हता. मधल्या सुट्टीच्या आधीच त्याला घरी आणलं होतं.
५ तारखेलाही तसंच केलं: घरचा एक घोट, त्याची बाटली झाली.
वत्सलाबाईंविषयी वाटत होतं ते आता शाईत आहे. दोन ठिकाणी. डॉक्टर वाचतील, ताक बंद म्हणतील. बाटली बंद. मग दुखत राहील. मग दुर्बीण.
इथपर्यंतचा विचार केला. मग भांडी घासली.

२ जानेवारी १९९८
पावडर बंद केली, संपली सांगून. डबा अर्धा भरलेला आहे. दूध एकदाच. आकडा १, २, १. दोन्ही वह्या भरते. एक खरी, एक सुवाच्य.

९ जानेवारी
शाळेतून परतताना ते दोघे पुढे चालले होते, माधव आणि व. मी हाक मारू शकले असते. मागून चालत राहिले. तो हातवारे करून काही सांगत होता. पोटाचंच असणार. माणसं हसत हसत पोटाचं काय सांगू शकतात?
कोपऱ्यावर व. त्यांच्या गल्लीत वळल्या. माधव सरळ घरी. एकदाही मागे वळून बघितलं नाही. दोघांनीही. हे चांगलं की वाईट, ठरवता येत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. विठ्ठल तिळगूळ आणि किटली घेऊन स्वतः आला. माधवनं अर्धा पेला ठेवला आणि उठला.
"दाजी दूध टाकून का उठले?"
"पचत नाही म्हणे." 'म्हणे', असं मी म्हणाले.
विठ्ठल हसला. "आबाला तरी कुठं पचत व्हतं?"
"आबांना?"
"मंग. शंभर मेंढरं, चार म्हशी, अन् आबा ताकावर. कधी दूध पेला की बांधाकडं पळायचा. तांब्या घेऊन मागं कोन पळायचं?"
"कोण?"
"तू. अन् हासायचीस. आबा शिव्या देऊन राह्यला अन् तू हासून राह्यली."
मला आठवत नव्हतं. मग तांब्या आठवला. तांब्याचा, तळाला पोचा पडलेला. मग सगळं.
विठ्ठल तिळगूळ फोडत होता. "आधी सांगायचं न्हाई का? दही लावून पाठवतो की. दूध काय अन् दही काय, म्हैस एकच."
पाच वर्षं मी तो पेला जमिनीच्या कागदासारखा माधवसमोर धरत आले. विठ्ठलला दह्याचं काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी व. कडे हळदीकुंकू. वाण म्हणून सगळ्यांना आरसे. मला आरसा आणि एक डबी. भाजलेल्या जिऱ्याची पूड.
"आमच्या यांनाही दूध सोसत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून सरांना सुचवलं. हे तिकडं गेल्यापासून ताक करून कोणाला देणार? घुसळायचं म्हटलं तरी हात उठत नव्हता. आता रोज करते."
तिळगूळ घ्या, गोड बोला, मी म्हणाले. त्या बोलतच होत्या गोड.
शत्रू धड शत्रूसारखा वागला तर सोपं जातं.

१६ जानेवारी
माधवला सांगितलं, म्हैस आटली, दही दुकानातलं. खोटं. विठ्ठल कालपासून दही पाठवतो. मी लोणी काढून पातळ ताक करते. डबीतलं जिरं घालते. सांगून टाकणं एका वाक्याचं काम आहे: दूध सोडा. पण ते वाक्य आधी वत्सलाबाईंचं झालेलं आहे.
आबांचं सांगितलं तर? माझ्या माहेरचं, जुनं, त्यांच्या आधीचं. वाक्य माझं होईल. तीनदा जुळवलं. तिन्ही वेळा शेवटी व. बरोबरच ठरतात.

२० जानेवारी
०, ०, ०, ०, ०.
माधवनं ताकाचा पेला खाली ठेवला, मिशी पुसली.
"आज जमलं. थेट वत्सलाबाईंसारखं."
पेला उचलून विसळला. जिरं त्यांचंच होतं.

२३ जानेवारी
उद्या सहाची गाडी. जालना. माधव खूश आहे. "डॉक्टरला सांगतो, ताकानं गुण आला. दुर्बीण कशाला लागती आता?" आणि प्रतीत लिहिलेलं आहे की ताकानं तो १७ तारखेला वर्गात कोसळला.
खरी वही द्यायची ठरवली. मागची पानं फाडून. शेवटचं पान धरून ओढलं, तर पहिलं सैल झालं. वही मधोमध शिवलेली. मागचं पान आणि पुढचं पान एकच कागद. २६ नोव्हेंबरचं त्याचं पोट आणि २४ नोव्हेंबरची मी. एक काढलं की दुसरं गळून पडतं. असं प्रत्येक पान.
नवी प्रत काढायला वेळ नाही. वेळ होता. नऊ दिवस होता.
दोन्ही पिशवीत ठेवल्या.

२४ जानेवारी, जालना
दवाखान्यातलं बाक. आमच्या पुढे दोन जण. भिंतीवर आतड्याचं रंगीत चित्र. डावीकडे खाली, तिथं. आता मला माहीत आहे.
प्रत पिशवीत, वर. ही हातात. पेनही आहे. प्रतीतल्या दोन ओळी खोडता येतील. डॉक्टर विचारतील, काय खोडलं?
माधवनं सकाळपासून काही खाल्लं नाही. ताकही नाही. गुडघा हलवतोय. त्या चित्राकडे बघणं टाळतोय. मघाशी म्हणाला, "नळी घालायची म्हनले तर तू न्हाई म्हन. मला बोलणं सुचायचं न्हाई." मी हो म्हणाले.
पुढे एकच राहिला. एक म्हातारे गृहस्थ, सोबत सून. तिच्या हातात वही नाही.
माधवनं माझ्याकडे वळून बघितलं. "काय लिहून राह्यली एवढं? आजचं तर काहीच खाल्लं न्हाई." मग म्हणाला, "दे इकडं. डॉक्टरनं विचारलं तर मला माहीत पाहिजे." दोन महिन्यांत पहिल्यांदा मागितली. त्याला वाटतं वही एकच आहे.
मी म्हणाले, एवढं वाक्य होऊ द्या.
त्याचा हात पुढेच आहे.