सगळ्या पिना बरोब्बर वीस

मुलुंड,
शनिवार, १० नोव्हेंबर १९८४

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी मधुकरचा दंडवत. तुमची गुडघेदुखी कमी असेल आणि मामींचा खोकला गेला असेल, अशी आशा करतो. इथे प्रकृती सगळ्यांच्या ठणठणीत आहेत. डोकं तेवढं फिरलंय, आणि ते तुमच्या चिरंजीवांनी फिरवलंय!

लवू कांदिवलीच्या गाळ्यात आमच्या कंपनीसाठी लिफ्टच्या ब्रेकच्या पिना करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच (गावभर तुम्हीच सांगितलंत). पिनेची जाडी वीस मिलिमीटर. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले दोन इकडे-तिकडे चालतात, जास्त नाही. मालासोबत रिपोर्ट द्यायचा असतो, प्रत्येक पिन मोजून जे माप आलं ते लिहून. लवूच्या रिपोर्टात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच आकडा, वीस पूर्णांक शून्य शून्य! अहो, एका आईची दोन पोरं सारखी निघत नाहीत, आणि ह्याच्या पिना सगळ्या जुळ्या? विचारलं तर म्हणतो, 'भावोजी, हातात घेतली की माका कळता.' ह्याला कळता! जाड पिन अडकली की ब्रेक लागत नाही, आणि त्या लिफ्टमध्ये माणसं उभी असतात हो! मी इन्स्पेक्टर आहे, ज्योतिषी नाही. सगळा माल परत पाठवला.

मग अक्षराकडे लक्ष गेलं. वळणदार, सुबक, ओळखीचं. मामा, तो रिपोर्ट तुमच्या लेकीने लिहिलाय, माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर (मी आंघोळीला गेलो होतो). वर मलाच विचारते, तो म्हणाला सगळ्या बरोबर आहेत, मग वेगवेगळं कशाला लिहायचं? कपाळ माझं! आता भावाचा माल परत केला म्हणून अबोला धरलाय, आणि कालपासून आमटीत मीठ नाही.

आपला (अजून तरी) जावई,
मधुकर

ता. क. पुढच्या शनिवारपर्यंत खरी मापं आली नाहीत तर लवूचं काम दुसऱ्याला जाईल आणि त्याचा गाळा बंद पडेल. तो माझं ऐकत नाही. तुम्ही मिळेल त्या एसटीने या आणि त्याचा कान पिळा.

ता. क. बाबा, मी सुगंधा. हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं, ते राहिलं. तुम्ही येऊ नका. काल रविवारी हेच गाळ्यावर गेले. दोघे भांडत भांडत मोजत होते आणि मी येईल ते माप लिहीत होते. तीन पिना जाड निघाल्या. लवूचा चेहराच उतरला. त्याने स्वतःच त्या भंगारात टाकल्या. बाकीचा माल आज पास झाला. ह्यांचा राग पत्रात दिसतो त्यापेक्षा कमी आहे. किती कमी, ते मोजलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.