गुरम्मा, स्लॅब आणि घुमणारा डबा

रा. रा. महांतेशअप्पा, मुक्काम नांदेड, यांस लातूरहून तुमचे दाजी मन्मथ यांचा शरणार्थ.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळी खुशाल आहेत. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? तेल चोळताय का नुसतंच डॉक्टरला नावं ठेवताय? फोन असताना दाजींना कागद कुठून सुचला, असं तुम्ही म्हणणार. अप्पा, आमच्या घरात फोन स्पीकरवरच बोलायचा असा तुमच्या बहिणीचा कायदा आहे, आणि व्हॉट्सॲप माझ्याआधी तीच वाचते (मला आलेल्या मेसेजला उत्तरही तीच देते, माझ्या नावानं, अंगठा दाखवून). आणि आजचा मजकूर तिच्या कानावर गेलेला मला परवडणारा नाही. शेजारचे शिवप्रसाद उद्या नांदेडला येत आहेत, त्यांच्या हाती देतो. वाचलं की फाडून टाका.

आता मूळ गोष्ट. त्र्याण्णवच्या भूकंपात तुमच्या गावाकडच्या घराचं मातीचं माळवद खाली आलं तेव्हा गुरम्मा सणाला माहेरी आलेली होती. तुम्ही सगळे अंगणात निजला होता म्हणून वाचलात, हे मी तुम्हाला काय सांगावं. पण तेव्हापासून तिचं छताशी जे बिनसलं ते बिनसलंच. आम्ही इथं रिंग रोडकडं एवढं देखणं घर बांधलं, पण बाई राहते कुठं? तर बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिचा हिशोब साधा आहे. पत्रा पडला तर टेंगूळ येतं, स्लॅब पडला तर मातीला पाहुणे येतात. आत ती जाते, नाही असं नाही. केर काढते, देवाला फूल वाहते, की लगेच बाहेर. बसायचं मात्र नाव नाही. भूकंप बसलेल्या माणसालाच धरतो असं तिचं पक्कं मत आहे. मी इंजिनिअरला घरी बोलावलं, त्यानं सळयांचा नकाशा पसरून तासभर समजावलं, तर ही त्याला म्हणाली, एवढं पक्कं आहे तर तुम्हीच ऱ्हावा की इथं. तो बिचारा चहा न घेता गेला.

अप्पा, खरं सांगू? मोंढ्यातली धान्याची आडत मुलाच्या हाती देऊन मी घरी बसलो तेव्हा माझी एकच हौस होती. संध्याकाळी हॉलमधल्या सोफ्यावर मी एका टोकाला, गुरम्मा दुसऱ्या टोकाला, मध्ये भाजक्या शेंगांची ताटली. बास. पण सोफ्यावर मी एकटाच, आणि चहा प्यायचा झाला तर माझ्याच शेडमध्ये पाहुण्यासारखा जायचो. लई वाईट वाटायचं हो. म्हणून डोक्यात आलं की आत असा टीव्ही आणायचा, असा आवाज आणायचा, की बाई आपल्या पायानं आत येऊन बसली पाहिजे.

इथं तुमचा प्रवेश झाला. मी आपला टीव्ही आणि त्याच्याखाली ठेवायची ती लांबुळकी पट्टी घेऊन मोकळा होणार होतो. पण तुम्ही फोनवर (स्पीकरवरच!) म्हणालात की दाजी, साउंडबार घेणं म्हणजे भजनाला एकट्यानंच बसणं, घ्यायचा तर स्पीकर चालवणारा रिसीव्हर घ्या, पाच स्पीकर घ्या आणि वर घुमणाऱ्या आवाजाला एक वूफर घ्या. बजेटमध्ये बसतं म्हणालात. कुणाच्या बजेटमध्ये ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. दुकानातला अमरनाथ नावाचा पोरगा तुमच्याही पुढचा निघाला. चॅनल, वॉट, ओहम असं काय काय तो एका दमात म्हणून गेला, मला आपली स्तोत्र ऐकल्यासारखी मान हलवावी लागली. मग मी माझी रीत लावली. दोन रिसीव्हर दोन हातांत तोलून पाहिले आणि जड होता तो पसंत केला (तुरीचं पोतं आणि यंत्र, दोन्हीत हलकं म्हणजे काहीतरी गडबड). टीव्ही मात्र उचलून बघू देईनात. तिथं सगळ्या भिंतीभर एकच मोर एकाच वेळी नाचत होता, आणि मोर कुठल्याच टीव्हीवर वाईट दिसत नाही. मी म्हणालो, बाळ, बातम्या लाव, बातम्यांत ज्याच्यावर माणसाचा चेहरा माणसासारखा दिसेल तो दे. असा एकच निघाला. तो कोपऱ्यात होता, स्वस्तही होता, कारण त्याच्यावर मोर फिका दिसत होता.

भाव ठरवायच्या वेळी मात्र हात सवयीनं पुढं गेला. खांद्यावरचं उपरणं मी अमरनाथच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं दाबली, आपण जुन्या सौद्यात बोटांनी भाव सांगायचो तशी. पोरगं घाबरून मॅनेजरला हाका मारायला लागलं. दुकानातली गिऱ्हाइकं बघून राहिली. मी त्यांना रीत समजावून सांगेपर्यंत मॅनेजरनं, मला वाटतं मी लवकर जावं म्हणूनच, भिंतीवर लावायचा स्टँड फुकट दिला. तेव्हा रीत अजून चालते, एवढं ध्यानात ठेवा.

सिद्धराम फिटरनं सगळं जोडून दिलं. टीव्ही भिंतीवर, दोन स्पीकर पाठीमागं, आणि वूफरचा तो काळा डबा तुम्ही सांगितलं तसा कोपऱ्यात, स्टीलच्या भांड्यांच्या मांडणीला टेकून. मी अभिमानानं गुरम्माला हाक मारली. ती आली, खिडकीपर्यंत. बाहेर अंगणात बाज ओढून घेतली, खिडकीच्या गजांतून बघितलं आणि म्हणाली, लई छान दिसतंय हितून, तुम्ही तेवढं डोकं बाजूला घ्या. त्या दिवसापासून आमचं असं सुरू झालं. मी सोफ्याच्या कडेला अंग चोरून, आणि माझ्या पाठीमागं गजाबाहेर गुरम्मा, आवाज वाढवा, आवाज कमी करा, डोकं घ्या. स्वतःच्या घरात मी थेटरातला आडवा आलेला खांब झालो. तुमच्या रिसीव्हरला मी मनातल्या मनात काय काय म्हणालो ते लिहीत नाही, तुम्ही माझे मेहुणे आहात.

मग गेल्या रविवारची दुपार. गुरम्मा शेडमध्ये गवारी निवडत होती. मी म्हटलं, एकदा तुमच्या शास्त्राप्रमाणे सगळं करून तर बघावं. पडदे ओढले, दारं लावली (खोली अंधारी पाहिजे, हा तुमचाच हट्ट), समुद्रात जहाज बुडतं असला एक इंग्रजी पिक्चर लावला आणि वूफरचं बटण फिरेल तेवढं फिरवलं. काय सांगू अप्पा! जहाज कलंडलं आणि बेंबीच्या देठापासून घूंऽऽ असं जे काही निघालं, मी तर खूश! मांडणीवरच्या ताटल्या टाळ्या वाजवायला लागल्या. मला वाटलं पाचही स्पीकर आत्ता कुठं कामाला लागले. पण जहाजावरच्या लोकांचं ओरडणं खोलीतच राहिलं आणि घुमणं तेवढं जमिनीतून बाहेर गेलं, हे मला कुठं ठाऊक!

बाहेर काय झालं ते नंतर कळलं. जमिनीतून आवाज आला की आपल्या भागातला माणूस विचार करत बसत नाही. समोरच्या चतुराबाईंनी पहिली आरोळी ठोकली, भूकंप आला हो! की सगळी गल्ली रस्त्यावर. कुणाच्या अर्ध्या गालाला साबण, कुणाच्या हातात शिट्टी न झालेला कुकर. रामकिशन सर पोरांच्या उत्तरपत्रिका छातीशी धरून आले (पास-नापास ठरायच्या आधी पोरांना वाचवलंच पाहिजे म्हणाले). सगळे बाहेर, आणि सगळ्या गल्लीत एकच बाई अशी की जिला पळायची काही गरजच नव्हती, कारण ती आधीपासून पत्र्याखाली. तीस वर्षं ज्या दिवसाची तयारी केली तो दिवस आला, आणि बाई जागच्या जागी सुरक्षित.

तर अप्पा, तुमची बहीण गवारी टाकून उठली, रस्त्यावरच्या माणसांवरून एकदा नजर फिरवली, त्यात मी दिसलो नाही, आणि ती घरात पळाली. आत! चतुराबाई मागून ओरडत राहिल्या. मला आत काय ठाऊक, दार धाडकन उघडलं आणि उजेडात गुरम्मा दिसली, पदर खोचलेला, केस सुटलेले. माझं मनगट धरून तिनं असं ओढलं की खांदा अजून दुखतो. म्हणाली, आवो उठा की! घर पडाय लागलंय आन तुम्ही टीव्ही बघून राहिले?

मी घाबरून रिमोटचं बटण दाबलं. जहाज थांबलं. घुमणं थांबलं. ताटल्या थांबल्या. गुरम्मा मटकन बसली, अप्पा, सोफ्यावर, माझ्या शेजारी. वर स्लॅबकडं बघितलं. पोपडासुद्धा पडला नव्हता. हळूच म्हणाली, टिकलं की हो घर. आता तुम्हीच सांगा, त्या वेळी कोणत्या नवऱ्यानं खरं सांगितलं असतं? मी म्हणालो, हाव, टिकलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. तिला वाटलं भूकंपानं.

बाहेर तोवर धक्का कुठून आला यावर दोन तट पडले होते. एक तट निलंग्याकडून आला म्हणत होता, दुसऱ्याला त्यात लातूरचा कमीपणा वाटत होता. मी बाहेर जाऊन दोघांनाही मान डोलावली. आणि काय सांगू, त्या दिवसापासून गुरम्मा रोज संध्याकाळी आत येऊन बसते. मी शेंगा भाजतो. परवा तर तिनं उशीही आत आणली. अप्पा, मी लई सुखात आहे. असं सुख मला आडतीत कधी लागलं नाही, तेजीतसुद्धा.

मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमचाच,
मन्मथ

ता. क. १ — रिसीव्हर उत्तम आहे. तुमच्या सल्ल्याबद्दल आभार मानायचे राहिले.

ता. क. २ — पत्राचं खरं कारण आता लिहितो. गुरम्मा रोज विचारते, आपल्या महांतेशला नांदेडात जाणवला का? पेपरात काहीच आलं नाही, म्हणून तिला शंका येऊन राहिली आहे. तेव्हा हात जोडून सांगतो, एक फोन करा आणि म्हणा की रविवारी दुपारी नांदेडलाही थोडं हललं. जास्त नको, कपबशी वाजण्याइतकं.

ता. क. ३ — वूफरची वायर मी काढून ठेवली आहे. तुम्ही आलात तरी जोडू नका.

महांतेशा, ही मी, तुझी अक्का. शिवप्रसादची पिशवी मीच भरली, तवा हे पत्र हाती लागलं. तू फोन करून खोटं बोलू नको, तुला जमत न्हाई, लहानपणापासून कान लाल होतेत तुझे. यांनी बटण दाबलं आन भूकंप थांबला. भूकंप बटणानं थांबतो का रे? बसल्याबसल्याच समजलं मला. उठून चार शब्द सुनावणार व्हते. पण मंग ध्यानात आलं की आत पळताना माझ्या डोक्यावर स्लॅब हाय हे मला आठवलंच न्हाई. हे दिसत न्हाईत, एवढंच डोक्यात व्हतं. एवढ्या वर्षांची भीती, कुठं सांडली काय की. आता परत कुठं हुडकत बसू? म्हणून बसते. यांना सांगू नको. रोज शेंगा भाजून माझ्याकडं चोरून बघतेत, आन लई खूश होतेत.