तिआहोची पहिली टोपली

प्रिय मेरेआना,

फोनवर तू ‘सगळं ठीक ना?’ विचारतेस, मी ‘ठीक’ म्हणते, आणि मग आपण दोघी पर्थच्या उन्हावर बोलत बसतो. वर्षभरासाठी म्हणून खाणीवरच्या स्वयंपाकघरात गेलीस, त्याला आता चार वर्षं झाली. तिआहो फोनजवळच उभी असते. पूर्वी आई कधी येणार म्हणून माझं डोकं खायची. आता विचारत नाही, आणि मला तेच जास्त टोचतं.

इकडची बातमी म्हणजे तुझी आई या वयात शाळेत जाते. विरेमू मास्तर नवे आलेत. आपल्या माओरींतलेच, पण ऑकलंडला वाढलेले. त्यांनी वर्गाच्या भिंतीवर एकीची ती आपली टोपल्यांची म्हण रंगवली, ‘तुझी टोपली, माझी टोपली, मिळून सगळ्यांचं पोट भरेल.’ तुझे आजोबा जेवणाआधी ती ऐकवायचे आणि शिंपले गार होतात म्हणून तू कुरकुरायचीस, तीच. तिच्याखाली प्रत्येक मुलाच्या हातची छोटी टोपली टांगायची आणि सगळ्या मिळून एक भलीमोठी टोपली दिसेल, असा मास्तरांचा बेत होता. विणायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नको नको म्हटलं, पण मनातून हरखले होते.

पोरांना घरामागच्या हाराकेकेच्या लांब पात्यांच्या बेटांत नेलं, तू रुसलीस की जिथे लपायचीस तिथेच. मधला कोंब म्हणजे मूल, त्याच्या दोन अंगांची पाती म्हणजे आईबाप, त्यांना सुरी लावायची नाही. बाहेरची पाती आजीआजोबांची, ती कापायची, हे सांगितलं. तर तुझी लेक सगळ्यांसमोर म्हणते, “म्हणजे आजी, आधी तुलाच कापायचं.” जीभ अगदी तुझी आहे.

विणता विणता मी सवयीने बोलून गेले की पहिली विणलेली वस्तू आपली नसते, ती देऊन टाकायची. मला तुझी पहिली टोपली आठवत होती. वाकडीतिकडी, एक कान लांब, एक आखूड. तुझे बाबा पार चिंध्या होईपर्यंत तिच्यात मासेमारीचं आमिष नेत होते आणि तिला कुणी नावं ठेवली तर भांडायला उठत होते. त्यांची फार आठवण येते गं.

पोरांनी माझं बोलणं मनावर घेतलं. पालक यायच्या दिवशी सकाळी मास्तर बघतात तर टोपल्यांचं टेबल जवळजवळ रिकामं. कुणी आजोबांना दिली, कुणी बसवाल्याला, आणि दोन जुळ्या भावांनी शहाणपणा करून एकमेकांना. मास्तर म्हणाले, “आता भिंतीवर काय टांगू, स्वतःला?” पण संध्याकाळी माणसं त्याच टोपल्यांत राताळी, तळलेला पाव असं काहीबाही घेऊन आली. भिंत राहिली बाजूला, वर्गातच पंगत बसली. इतकं हसले मी बऱ्याच दिवसांनी.

भिंतीवर तेवढी एकच टोपली होती, तिआहोची. एक तरी पोर सांगितलेलं ऐकते म्हणून सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. ती मान खाली घालून पाव खात राहिली. घरी आल्यावर मी विचारलं, तुझी का नाही दिलीस कुणाला? म्हणाली, “जिला द्यायची ती इथे कुठे आहे?” पोस्टाने पाठवू म्हटलं, तर म्हणाली पहिली टोपली हातात द्यायची असते. मी उठून चुलीकडे गेले. तिच्यासमोर रडायचं नव्हतं मला.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही, मेरेआना. ईस्टरला शाळा सुटायच्या आत दोन दिवस काढ आणि वर्गात येऊन तिच्या हातून टोपली घे, एवढंच मागायला हे पत्र लिहिलंय. पहिली दिल्याशिवाय दुसरी विणायला घ्यायची नाही, हा आपला नेम. बाकीची पोरं आता दुसरी विणतायत, आणि तुझी लेक मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत बसते.

वाट बघणारी,
तुझीच आई