माझ्या नाकाचा संत

गेल्या वर्षी मे महिन्यात डोंगरावरचा वणवा आमच्या पाटापर्यंत येऊन विझला. त्या संध्याकाळी ओतिलिया आर्चुलेताने गावच्या छोट्या चर्चमध्ये कोनाड्यासमोर गुडघे टेकले आणि आपल्या वडिलांसमोर सांगितले, "जोवर तू इथे उभा आहेस, तोवर मी दुसऱ्या कुणाची होणार नाही." ज्याला सांगितले तो सान लोरेन्सो, आगीपासून राखणारा संत. लाकडाचा. मीच कोरलेला. माझे जे काही व्हायचे ते त्याच क्षणी झाले, म्हणून हा लेख जन्मतारखेपासून सुरू न करता तिथून सुरू करीत आहे.

मी, लिसांद्रो मोंद्रागोन, वय तेवीस, राहणार ओहितो, परगणा मोरा, न्यू मेक्सिको, अविवाहित (कारण वर आलेच आहे), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने व कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे असे लिहीत आहे. मी प्यालेलो नाही. रागावलेलो आहे. परंतु मेलितोनकाका, ज्यांची उभी हयात कोर्टात कारकुनी करण्यात गेली, ते म्हणतात की राग म्हणजे वेड नव्हे. तसे धरले तर निम्म्या परगण्याची मृत्युपत्रे बाद होतील.

मरण्याचा माझा विचार नाही. उद्या सकाळी मी वणवे विझवणाऱ्या टोळीत रुजू होतो आहे आणि मुकादमाने बजावले आहे की प्रत्येकाने आपले कागद करून यावे. मी या कामाला का चाललो, असे माझी बहीण आठवडाभर विचारते आहे. तिला इथे लेखी उत्तर देतो. लाकडाने आग थांबवली, असे अख्खे गाव म्हणते. लाकडाने. मी फावड्याने थांबवून दाखवणार आहे.

कलम पहिले. आजोबा ओनोफ्रे यांच्याकडून आलेले दोन खोल्यांचे मातीचे घर, परसातली भट्टी आणि शनिवारची पाटाच्या पाण्याची पाळी माझी बहीण बेर्नार्दा हिला द्यावी. पाळीच्या वेळी वरच्या अंगाचा शेजारी त्याच्या फाट्याची फळी अर्धवट उघडी ठेवतो. भांडू नये, सरळ जाऊन फळी खाली लोटावी. मी इतकी वर्षे भांडलो, पाणी त्यानेच नेले.

कलम दुसरे. माझा ट्रक चुलतभाऊ उबाल्दो याला द्यावा. उबाल्दो माझ्या बहिणीच्या लग्नात ओतिलियाबरोबर नाचला, आणि गाणे संपले तरी हात सोडला नव्हता. ट्रकला मागे जायचा गिअर नाही. त्यात बसून त्याने पुढेच जात राहावे, अशी इच्छा आहे.

कलम तिसरे. अल्बुकर्कीच्या विद्यापीठातली माझी पुस्तके आमच्या पाद्रीबाबांना द्यावीत. ते चिडतील, पण वाचतील. धर्म म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला आणि सबंध सत्र पुसला नाही. त्यांचे म्हणणे असे, की भीतीतून, स्वप्नांतून आणि मेलेल्यांच्या आठवणींतून माणसानेच देव घडवले. वर्गातली निम्मी मुले संतापली, एक मुलगी उठून गेली. मला नवल वाटले नाही, कारण आमच्या घरी ही बातमी नव्हतीच. आजोबा गुरुवारी संत कोरायचे आणि शनिवारी रंगवायचे. संताचे कान आधी करावेत की पाय, यावर आजी-आजोबांचे कडाक्याचे भांडण व्हायचे. आणि रंग वाळला की तेच आजोबा त्याच संतापुढे टोपी काढून उभे राहायचे. गुरुवारी ज्याच्या पोटात पटाशी घातली त्याच्याकडे गुडघेदुखीची तक्रार. मी एकदा विचारले, "आजोबा, हा तर तुम्हीच केला ना?" ते म्हणाले, "तुझ्या बापालाही मीच केला. तो ऐकतो का माझं?"

मास्तरांनी एक गोष्ट मात्र शिकवली नाही. आपण घडवलेला देव आपल्याच मनातली मुलगी पळवून नेतो, तेव्हा काय करायचे? तो धडा नव्हता म्हणून कॉलेज सोडले, असे मी लोकांना सांगतो. वास्तविक परीक्षा तोंडावर असताना ओतिलियाचा फोन आला होता. जुना सान लोरेन्सो मेणबत्ती कलंडून जळाला, कोनाडा रिकामा आहे, आणि आजोबा आता नाहीत. "तू येऊन कर ना," ती म्हणाली. यातले 'ये' एवढेच मी ऐकले.

कलम चौथे. आजोबांच्या सुऱ्या, पटाशा, सरसाचे भांडे आणि पिन्योन झाडाच्या डिंकाचे रोगण बेर्नार्दाच्या पोटी जे जन्माला येईल त्याला किंवा तिला द्यावे. एक अट आहे: शिकणाऱ्याने संताला कधीही स्वतःचा चेहरा देऊ नये.

मी दिला. ओढ्यातून कॉटनवुड झाडाचे वाळके मूळ आणले, संत कोरला, ज्या लोखंडी जाळीवर त्याला भाजून मारले ती हातात दिली आणि नाक, हनुवटी, भुवईवरची खोक सगळे माझे ठेवले. ओतिलियाकडे चर्चची किल्ली होती. रोज झाडताना, फुले बदलताना तिने माझ्याकडे बघावे, एवढाच हिशेब. ती बघू लागली. इतकी बघू लागली की मी दारात उभा असलो तरी तिला दिसेनासा झालो. त्याच मुळाचा उरलेला तुकडा माझ्या कोंबड्यांच्या दाराला टेकू आहे. तो ज्याला हवा त्याने न्यावा व त्यालाही नवस बोलून पाहावा.

कलम पाचवे. माझे जुने बूट रस्ता अडवणाऱ्या पोलिसाला द्यावेत. वणव्याच्या दिवशी सगळे गाव खाली केले. ओतिलियाचे वडील अबेनिसियो प्राणवायूच्या नळीवर आहेत. ते म्हणाले, मी माझ्या गावातच मरेन. म्हणून तीही राहिली. मी तेव्हा मोरा गावाला खिळे आणायला गेलो होतो. परत निघालो तर रस्त्यात अडथळा आणि हा पोलीस. मी सांगितले, विनवले, शिव्या दिल्या. त्याने माझ्या ट्रकची किल्ली काढून खिशात टाकली. डोंगर लाल होत गेला आणि मी एका पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभा होतो. ती मात्र वडिलांना धरून चर्चमध्ये बसली होती, आणि समोर तो होता. माझे नाक घेऊन.

नवसाचे कळल्यावर मी तिला चर्चमध्येच गाठले. ती कोनाड्यातला रुमाल बदलत होती. तो संवाद इथे नमूद करतो, कारण गावात त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरतात.

"ओतिलिया, ते मूळ आहे. ओढ्यातलं."

"ठाऊक आहे. तुझा ट्रक वाळूत रुतला तेव्हा धक्का कुणी मारला?"

"नाक बघ त्याचं."

"नाक तुझं आहे. पहिलीपासून बघतेय मी ते."

"मग तरीही?"

"तरीही काय? तुझ्या नाकाचा एक तरी जण निघाला, जो मधे बोलत नाही."

"अगं, हा देव माणसानं केलाय. मी केलाय."

"भाकरीही माणसंच करतात, लिसांद्रो. भूक कुणी केली?"

उत्तर मला घरी पोचल्यावर सुचले, ते असे: भूक कुणी का केली असेना, पण भाकरी करणाऱ्याला निदान पानावर बसवतात. हे सांगायला मी परत गेलो, तर ती म्हणाली, "त्या दिवशी तू नव्हतास. तो होता." मग ती मेणबत्त्या मोजू लागली.

कलम सहावे. सान लोरेन्सोची मूर्ती.

ही मूर्ती माझी आहे. मी ती गावाला दिली असे कुठेही लिहिलेले नाही, आणि मेलितोनकाकांच्या मते लेखी नसेल तर वस्तू घडवणाऱ्याची. धुराने रोगण तडकले आहे, असे सांगून मी ती गेल्या रविवारी घरी आणली. तडा खरोखरच आहे, पण तो कारणापुरता. किल्ली ओतिलियानेच दिली आणि मूर्ती शालीत गुंडाळून दिली. मला कधी साधा मफलर दिला नव्हता. ती 'जोवर तू इथे उभा आहेस' असे बोलली होती. तो तिथे उभा राहिलाच नाही तर?

आणल्या आणल्या मी त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवले. आमच्याकडे काम न करणाऱ्या संताला अशीच शिक्षा करतात. याचा गुन्हा उलटा होता, याने फार काम केले होते. चुलीत घालायचा, की ओढ्यात परत टाकायचा, हे ठरायचे होते.

दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या पास्क्वाला आजी मेणबत्ती घेऊन दारात.

"आजी, चर्च तिकडे आहे."

"पण तो इकडे आहे ना."

त्यांनी माझा कॉफीचा कप बाजूला सारला, मेणबत्ती लावली, त्याला वळवून समोर केले. "बिचाऱ्याला कोपऱ्यात का उभं केलंस? काय केलं त्यानं?"

"माझी ओतिलिया नेली."

"मग त्याच्याकडेच माग. ज्यानं नेली त्याच्याकडेच असणार, दुसऱ्याकडे मागून काय उपयोग?"

बुधवारपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात चार बायका, एक बिछान्यावरून उठून आलेला म्हातारा आणि कागदी फुले जमली. पास्क्वाला आजींनी येताना बीन्सचे पातेले आणले आणि आता दर बुधवारी आणीन म्हणाल्या. मास्तरांनी इथे यायला हवे होते. धर्म कसा तयार होतो हे त्यांनी सत्रभर सांगितले. माझ्याकडे तो माझ्याच ताटल्यांत जेवत होता. आणि मी, ज्याने हे सगळे मुळापासून पाहिले आहे, संतासमोर बसून काय करीत होतो? दुपारभर शिव्या देत होतो. तू काय केलेस, वाराच फिरला. तू तिचा हात धरू शकतोस का? तिचे वडील रात्री खोकतात तेव्हा पाणी देऊ शकतोस का? मी दिले असते. मला विचारले का कुणी? असे बरेच. शिव्या देणे म्हणजे प्रार्थना नव्हे, हे मी इथे लेखी नमूद करतो. पण एवढे सलग आणि इतके खरे मी दुसऱ्या कुणाशी बोललेलो नाही, हेही नमूद करणे भाग आहे. माणसानेच केला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हाताला अजून घट्टे आहेत. माणसाला कुणापुढे तरी बसायचे असते म्हणून केला असावा. पुढचे मला ठाऊक नाही आणि पुस्तकांतही नव्हते.

सबब, मी त्याला जाळत नाही. माझ्या मृत्यूनंतर ही मूर्ती ओतिलिया आर्चुलेता हिला, चर्चला नव्हे, तिला एकटीला द्यावी. कोनाड्यात ठेवावी असे मी लिहीत नाही, ठेवू नये असेही लिहीत नाही.

(इथवर लिहून झाले तेव्हा साक्षीसाठी मेलितोनकाका व पास्क्वाला आजी आल्या. मागोमाग ओतिलिया, रोगण वाळले का ते बघायला. ती म्हणाली, "मीही सही करते." काका म्हणाले, "ज्याच्या नावानं काही आहे त्याची सही नको. हल्ली चालते म्हणतात. माझ्यासमोर नाही चालणार."

तिने पेन खाली ठेवले. "म्हणजे मला काहीतरी आहे." आणि कागद ओढून उभ्या उभ्या वाचला.

"हे काय लिहिलंयस?"

"तुला मोकळं केलंय."

"कधी? तू मेल्यावर. तू जिवंत आहेस तोवर तो तुझ्याकडे अडकलेला आणि मी त्याच्याकडे. मग मी काय करू, तुझ्या मरणाचा नवस बोलू?"

"बोलू नकोस गं," पास्क्वाला आजी म्हणाल्या, "तो ऐकतो."

ओतिलिया माझ्याकडे बघत होती. कोनाड्याकडे बघते तशी नव्हे; ट्रकला धक्का मारताना बघितले होते तशी, कपाळाला आठ्या घालून.

"द्यायचाय तर आज दे. नाहीतर तू आणि तो दोघं मिळून मला बांधून ठेवताय, एवढंच.")

कलम सहाव्यातील शेवटचा परिच्छेद, म्हणजे 'सबब' पासून 'लिहीत नाही' पर्यंत, मी स्वतः खोडला आहे. खाडाखोडीवर दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे घेतली आहेत. ही मूर्ती माझ्या मालमत्तेत यापुढे मोजू नये.

कलम सातवे. उरलेले किरकोळ सामान बेर्नार्दाने हवे तसे वाटावे. साक्षीदारांना काहीही ठेवलेले नाही. पास्क्वाला आजींनी राग मानू नये. बीन्सचे पातेले त्यांचेच आहे, ते परत न्यावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझा आहे, त्यातला राग धरून.

सही: लिसांद्रो मोंद्रागोन

साक्षीदार:
१. मेलितोन सांदोवाल, निवृत्त कारकून
२. पास्क्वाला त्रुहियो, शेजारीण

स्थळ: ओहितो, परगणा मोरा, न्यू मेक्सिको
दिनांक: १३ जून २०१९

सह्यांनंतरची नोंद. काका म्हणाले, सहीखाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नसते. नसू दे. साक्षीदार गेले आहेत. मी सान लोरेन्सोला टेबलावरून उचलून ओतिलियाच्या हातात दिले. तिने त्याला कडेवर घेतले, मूल घेतात तसे. कुठे ठेवणार, ते मी विचारलेले नाही. ती आता खिडकीपाशी उभी आहे आणि हळू आवाजात बोलू लागली आहे. कुणाशी, ते मला दिसत नाही, कारण मी लिहितो आहे, आणि मान वर केली तर उद्याची गाडी चुकेल. पिशवी दाराशीच आहे, रात्र बेर्नार्दाकडे काढेन. त्या दोघांना आत ठेवून मी बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.